आमच्या शाळेचा संगीत विभाग

आमच्या घरात एक शाळा होती आणि त्या शाळेचा शिपाई मी होतो, हे मला आमच्या ब्रानिक गावच्या सरकारी शाळेच्या बोर्डाच्या बैठकीत, अर्ध्या गावासमोर कळलं.

शाळा म्हणजे आमचं स्वयंपाकघर. विद्यार्थिनी एकच, आमची मुलगी जनेल. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, परीक्षक आणि मधल्या सुट्टीत सँडविच देणारी बाई, हे सगळं माझी बायको लव्हॉन. आमच्याकडे तेव्हा मुलांना घरी शिकवायचं तर घराची शाळा म्हणून नोंद करावी लागे, आणि शाळा म्हटली की कर्मचारी आलेच. लव्हॉनने दर वर्षीच्या अहवालात माझ्या नावापुढे 'देखभाल व सफाई' असं लिहिलं होतं. सरकारी शाळेचे सुपरिंटेंडंट वर्थ साहेब यांनी ते भर बैठकीत खणखणीत आवाजात वाचलं. मागच्या बाकावरून कुणीतरी खाकरलं.

आता मी काही कुणी ऐरागैरा नव्हतो. केंद्र सरकारच्या टपाल खात्यात होतो. गावाबाहेरच्या शेतवस्त्यांवर टपाल वाटायचो. माझ्या गाडीच्या टपावर पिवळा दिवा होता. घरी येताना मी गाडीत विषय काढला.

"सफाई?"

"मग काय लिहायचं? गणित तुला येत नाही."

"निदान विश्वस्त तरी लिहायचंस."

"विश्वस्त मी आहे," लव्हॉन म्हणाली. "आणि तू झाडतोस कुठे? ती जागासुद्धा तुला मेहेरबानी म्हणून दिली आहे."

लव्हॉनला जाऊन फार दिवस झालेले नाहीत. लोक येतात, बसतात, ती किती चांगली होती ते सांगतात. ती चांगली होती हे मला ठाऊक आहे. मला आठवतं ते हे असलं काहीतरी.

तर बैठकीपर्यंत गोष्ट का गेली ते सांगतो. जनेलला ट्यूबा वाजवायचा होता. ट्यूबा म्हणजे अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घ्यायचं पितळेचं धूड, ज्याचं तोंड डोक्यावरून पुढे बघत असतं. लव्हॉनचे वडील आयुष्यभर गावातल्या लग्नांत पोल्का, म्हणजे नाचाच्या धुना, वाजवायचे, त्यांचा तो ट्यूबा. आजोबा गेल्यावर तो आमच्या जिन्याखाली आला आणि पोरगी त्याच्या प्रेमात पडली. इतर मुली त्या वयात कुणाकुणाच्या प्रेमात पडतात, त्या मानाने मी म्हटलं, बरं आहे.

पण ट्यूबा एकट्याने वाजवायचं वाद्य नाही. एकट्याने वाजवला तर गोठ्यात कुणीतरी आजारी आहे असं वाटतं. त्याला बँड लागतो. ब्रानिकच्या सरकारी शाळेत बँड होता, आणि ट्यूबावाला शाळा संपवून गेल्यापासून त्या बँडला खालचा आवाजच उरला नव्हता. बँडच्या सरांनी जनेलला चर्चच्या जेवणात वाजवताना ऐकलं आणि ते ताटातला बटाटा तसाच टाकून आमच्याकडे आले. ऑक्टोबरात होमकमिंगचा फुटबॉल सामना असतो. गाव सोडून गेलेली माणसंही त्या दिवशी परत येऊन बाकांवर बसतात, आणि मध्यंतरात बँड मैदानात उतरतो. "त्या दिवशी ही पोरगी मला रांगेत पाहिजे," सर म्हणाले.

जनेलने त्या दिवसापासून दुसरं काही बोलणं सोडलं. घरच्या शाळेत तिला काही कमी नव्हतं. पण वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत रांगेत आपल्या शेजारी कुणी उभं आहे, असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. "मॉम," ती म्हणाली, "मला तुझी शाळा आवडते. पण तुझ्या शाळेत डावीकडे बघितलं तर फ्रिज आहे आणि उजवीकडे बघितलं तर डॅड आहे." लव्हॉनने त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला.

नकार टपालाने आला. म्हणजे माझ्याकडेच आला. टपाल लावताना मला पाकिटावर आमचं नाव आणि शाळेचा शिक्का दिसला. पण टपाल खात्याची शिस्त अशी की पत्र पेटीत पडेपर्यंत ते माझं नव्हे. मी ते दिवसभर शेजारच्या आसनावर घेऊन सगळा फेरा केला, शेवटी आमच्या पेटीत टाकलं, पेटी बंद केली, गाडी अंगणात लावली, चालत पेटीपाशी परत गेलो आणि काढलं. शेजारी डेलमार त्याच्या कुंपणावरून हे सगळं बघत होता.

"लेका मायलो, सरळ हातात घेऊन गेला असतास तर राष्ट्राध्यक्षांना कळलं असतं का?"

"नियम आहे," मी म्हटलं.

माझं नियमाचं कौतुक त्या पाकिटाच्या आत काय आहे ते वाचेपर्यंतच टिकलं. गावात चर्चची एक शाळा होती. तिथले धिप्पाड मुलगे स्वतःच्या शाळेचा कुस्तीचा संघ सोडून सरकारी शाळेकडून खेळायला जाऊ लागले, तेव्हा दोन्ही शाळांत मोठी भांडणं झाली होती आणि बोर्डाने नियम केला होता. बाहेरच्या शाळेतल्या मुलाला सरकारी शाळेच्या उपक्रमात यायचं असेल तर यावं, पण तो उपक्रम त्याच्या स्वतःच्या शाळेत असता कामा नये. बरोबरच आहे. पण लव्हॉन रोज न्याहारीनंतर जनेलला पियानोवर बसवायची, आणि लव्हॉनने अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'संगीत: रोज'. म्हणजे आमच्या शाळेला संगीत विभाग होता. तेव्हा जनेलने आपल्या शाळेच्या बँडमध्ये वाजवावं.

ते विचारायला आम्ही बैठकीला गेलो, आणि मी शिपाई आहे ते कळलं.

बोर्डाचा अध्यक्ष जीन पोस्पिशिल. डुकरं पाळायचा, माणूस सरळ. तो म्हणाला, "अगं लव्हॉन, मग संगीत विभाग बंद करून टाक ना. भांडणच मिटलं."

"बंद करायचा म्हणजे काय करायचं?"

पोस्पिशिलने वर्थ साहेबांकडे पाहिलं. वर्थ साहेब उंच, बारीक, कधी न हसणारे. त्यांच्या पेनांनासुद्धा शिस्त होती. ते म्हणाले, "आपण शिवण विभाग बंद केला तेव्हा यंत्रं आवारातून हलवली आणि शिकवणं थांबवलं. तसं झालं की मी येऊन पाहीन आणि सही करीन. तोपर्यंत मुलीला बँडबरोबर सराव करता येईल. पण गणवेश मिळणार नाही, म्हणजे सामन्यात उतरता येणार नाही."

"ठीक आहे," लव्हॉन म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. हे 'ठीक आहे' मला माहीत होतं. पुढे माझ्या कमरेचं काही खरं नाही असा त्याचा अर्थ असायचा.

दुसऱ्या दिवशी माझ्या फेऱ्यावर प्रत्येक पेटीपाशी एकेक सल्लागार उभा. बर्नाडीन नावाची म्हातारी बिलं यायच्या दिवशी कधी दिसायची नाही, ती त्या दिवशी खुर्ची घेऊन बसली होती.

"पियानोवर चादर टाक, वर कुंडी ठेव. कोण बघतंय?"

मी हे घरी सांगितलं. लव्हॉन म्हणाली, "मी बघतेय."

डेलमारचं म्हणणं, पियानो हे फर्निचर आहे असं लिहून द्यावं. त्याच्या बायकोकडे एक होता, त्यावर ती लोणच्याच्या बरण्या ठेवायची, त्यातून आयुष्यात कधी संगीत आलं नाही. तिसऱ्या एकाने सुचवलं की मुलीलाच शाळेतून नापास करून काढून टाकावं. प्रत्येकाचं म्हणणं लव्हॉनने ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "डेलमार, तुझ्या यंत्रांच्या शेडमध्ये जागा आहे?"

डेलमारची शेड आमच्या रस्त्यापलीकडे होती. ती शाळेच्या आवारात येत नव्हती. शनिवारी पियानो हलवायचं ठरलं.

आमचा पियानो घरात आला तेव्हा पुढचा दरवाजा रुंद होता. नंतर मी स्वतःच्या हाताने नवा व्हरांडा बांधला आणि थंडी आत येते म्हणून दरवाजा अरुंद केला. मला त्या व्हरांड्याचा अभिमान होता. पियानो दाराशी नेऊन टेकवला, तर तो दारापेक्षा रुंद निघाला.

"कुणी बांधला हा व्हरांडा?" डेलमारने विचारलं. त्याला माहीत होतं.

"शाळेच्या देखभाल विभागाने," लव्हॉन म्हणाली.

मग बैठकीच्या खोलीची खिडकी चौकटीसकट काढली. डेलमारने ट्रॅक्टर पुढे आणून त्याचं फावडं खिडकीत घातलं. त्या फावड्यात आदल्या दिवशी काय होतं ते मी विचारलं नाही, वासावरून कळत होतं. पट्ट्यांनी बांधलेला पियानो खिडकीतून बाहेर आला आणि माझ्या व्हरांड्याचा अर्धा कठडा बरोबर घेऊन आला. बर्नाडीन कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, घेऊन आली होती आणि गवतात खुर्ची टाकून बघत होती. पियानो हवेत झुलू लागला तेव्हा तिने डोळे मिटले आणि हातातला कोलाचा संपवला.

"मायलो," लव्हॉन अंगणातून म्हणाली, "तो पडला तरी विभाग बंद होईल. पण असा नको."

मी पियानो आणि ट्रॅक्टर यांच्या मधे उभा होतो. माझ्याबद्दल ती काही बोलली नाही.

शेवटी पियानो गवताच्या गाडीवर बसला. ट्रॅक्टर पुढे, गाडी मागे, आणि रस्ता ओलांडायला वळण घेतो तोच शाळेची बस आली. दुसऱ्या गावी सामना खेळून पोरं परत येत होती. रस्ता अरुंद, बसला पुढे जाता येईना. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. इतक्यात गाडी खड्ड्यातून गेली आणि पियानोच्या पोटातून असा आवाज आला की लव्हॉनला राहवेना. ती धावत जाऊन गाडीवर चढली.

"सूर हललेत का बघते," ती म्हणाली, आणि उभ्या उभ्या वडिलांची एक पोल्का वाजवायला लागली.

सूर हललेच होते. पण बसमधल्या पोरांना त्याचं काय. ती बसच्या पत्र्यावर थापा मारायला लागली. डेलमारने ट्रॅक्टर मुद्दाम हळू केला असा माझा संशय आहे. जनेल तेव्हा व्हरांड्याच्या उरलेल्या अर्ध्या कठड्यामागे लपून बसली होती, कारण सोमवारी याच पोरांबरोबर तिला रांगेत उभं राहायचं होतं. मी गाडीच्या मागे पायी चाललो होतो, हातात कठड्याचा तुटलेला अर्धा भाग.

बसवाल्याने तक्रार केली. बंद केलेला संगीत विभाग हमरस्त्यावर जाहीर कार्यक्रम करतो आहे, असं वर्थ साहेबांच्या कानावर गेलं. त्यामुळे नुसती सही करून मोकळे झाले असते ते साहेब म्हणाले, आता नीट तपासणी करीन.

मधल्या काळात जनेलचा सराव डेलमारच्या कुरणात चालायचा, कारण ट्यूबाही आवारात ठेवायचा नाही असा मुख्याध्यापिकेचा हुकूम होता. गाईंना ट्यूबा फार आवडतो. जनेल वाजवत चालायला लागली की सगळा कळप तिच्या मागे. ती वळली की कळप वळायचा. डेलमार म्हणाला, "माझी गुरं चरायचं सोडून कवायत करायला लागलीत. विकायला नेली तर पावलं मोजून चढतील." त्यातून नवीनच भानगड निघाली. बँडच्या सरांनी मला गाडी थांबवून विचारलं, "मिस्टर कोव्हारिक, तुमची मुलगी उत्तम वाजवते. पण सरळ चालता चालता ती मधेच डावीकडे उडी का मारते?"

"शेणामुळे," मी म्हटलं.

सरांनी ते वहीत टिपून घेतलं.

होमकमिंगच्या आठवड्यात, मंगळवारी वर्थ साहेब आले. त्यांनी बैठकीच्या खोलीत पियानोच्या जागी उरलेला भिंतीवरचा फिक्का चौकोन पाहिला, जिन्याखाली वाकून पाहिलं, समाधान झालं, आणि स्वयंपाकघरात टेबलाशी बसून सहीसाठी पेन काढलं. लव्हॉन ओट्याशी कणीक मळत होती. साहेबांचं पेन थांबलं.

"मिसेस कोव्हारिक, हे काय चाललंय?"

"कोलाचे."

"नाही. आवाज."

लव्हॉन गुणगुणत होती. ती कायमच गुणगुणायची. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, मी काही महत्त्वाचं सांगत असतानासुद्धा. तिला स्वतःला ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण घरातल्या घड्याळाची टिकटिक जशी कुणी मुद्दाम ऐकत नाही, तसं.

साहेब अवघडले. त्यांना अडवायचं नव्हतं, हे दिसत होतं. ते म्हणाले, "म्हणजे, हे काही तुमच्या अभ्यासक्रमात येत नसेल."

एक 'नाही' म्हटलं असतं तर त्याच क्षणी सही झाली असती. जनेल दारात उभी होती. श्वास रोखून आईकडे बघत होती. मी लव्हॉनला डोळ्याने खुणावत होतो, इतका की माझा डोळा दुखायला लागला.

लव्हॉनने कणीक बाजूला ठेवली. "वर्थ साहेब, जनेल सूर धरायला यावरच शिकली. पाळण्यात होती तेव्हापासून. म्हणजे अभ्यासक्रमात येतंच."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मी गुरुवारी पुन्हा येतो," ते हळूच म्हणाले.

जनेल कुरणात निघून गेली. त्या संध्याकाळी गाईंनी जे ऐकलं त्याला संगीत म्हणता येणार नाही.

"खोटं बोलली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?" मी विचारलं.

"तिला मीच शिकवलंय ना खोटं बोलू नये म्हणून? तोही अभ्यासक्रमच आहे," लव्हॉन म्हणाली. "तो विभाग अजून चालू आहे."

मग दोन दिवस लव्हॉनने गप्प राहायचा प्रयत्न केला. आधी दातांत कपडे वाळत घालायचा चिमटा धरला. चिमट्यासकट गुणगुणली. मग तोंडात पाण्याची गुळणी धरली, तर गुळणीसकट गुणगुणली. ते ऐकायला फारच वाईट होतं. जनेल अभ्यास करता करता "मॉम" म्हणून टेबलावर पेन्सिल आपटायची, की ही गप्प. बुधवारी दुपारपर्यंत जमलं. मी फेऱ्यावरून आलो तर घरात कुणी नाही असंच मला वाटलं. दोघी समोर बसलेल्या होत्या. मी उगीचच खुर्ची सरकवली, नळ सोडला. त्या शांततेची मला सवय नव्हती. आता झाली आहे म्हणायला हरकत नाही.

गुरुवारी साहेब आले. टेबलाशी बसले. "मी थोडा वेळ थांबतो," म्हणाले. लव्हॉन ओट्याशी उभी राहून कोलाच्यांत खसखशीचं सारण भरू लागली. ओठ घट्ट मिटलेले. जनेल दारात. मी देखभाल विभागातर्फे कोपऱ्यात. फ्रिज सुरू झाला, बंद झाला. भट्टीतून पहिल्या घाण्याचा वास यायला लागला. साहेब खिडकीबाहेर बघत होते, बोटं टेबलावर होती. लव्हॉनचे हात चालले होते, पण आवाज नाही. असा बराच वेळ गेला असेल.

आणि मग कुणीतरी गुणगुणायला लागलं.

जनेलने दोन्ही हात तोंडावर घेतले. मी लव्हॉनकडे बघितलं. लव्हॉन माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ मिटलेलेच होते.

वर्थ साहेब खिडकीबाहेर बघत पोल्का गुणगुणत होते. अगदी तालात, टाचेचा ठेका धरून. पहिली ओळ संपवून ते दुसरीवर गेले, तिथे वरचा सूर लागेना म्हणून जरा मान वर केली.

लव्हॉनने त्यांना ती ओळ पुरी करू दिली. मग म्हणाली, "वर्थ साहेब, शाळेच्या आवारात संगीत बंद आहे."

मी माणसाला कानापर्यंत लाल होताना पाहिलं आहे, पण साहेबांची पेनंसुद्धा लाजल्यासारखी वाटली. ते म्हणाले, "माफ करा. आमच्या लग्नात तुमच्या वडिलांनी वाजवली होती. हा वास आला आणि..." त्यांनी कागद ओढला आणि सही केली.

"कोलाचे घ्या," लव्हॉन म्हणाली.

"हे शाळेच्या उपाहारगृहातले समजायचे की घरचे?"

"खाऊन ठरवा."

त्यांनी चार खाल्ले आणि काही ठरवलं नाही. जनेल तोवर गणवेश आणायला सायकलवरून गेली होती.

पुढे जनेल शाळा संपवून जाईपर्यंत पियानो डेलमारच्या शेडमध्येच राहिला. लव्हॉन रोज कोट घालून, बोटं कापलेले हातमोजे चढवून रस्ता ओलांडायची आणि नांगर आणि पेरणीयंत्र यांच्या मधे बसून तासभर वाजवायची. घरात मात्र तिने सही पाळली.

त्या शुक्रवारी, होमकमिंगला, सगळं गाव मैदानावर होतं. बाक लोखंडी, गार. आम्ही गुडघ्यांवर एकच घोंगडी घेऊन बसलो. मध्यंतरात बँड आला आणि आधी पितळेचं ते मोठं तोंड दिसलं, मग त्याच्या खाली आमची जनेल, लाल गणवेशात. तिच्या डावीकडे एक मुलगी होती आणि उजवीकडे एक मुलगा. पहिला खालचा सूर आला तो कानाला कमी आणि बाकाच्या लोखंडातून जास्त आला. लोक गप्प झाले. इतके दिवस काय कमी होतं ते तेव्हा कुठे त्यांना कळलं. मैदानाच्या मधोमध जनेलने डावीकडे एक छोटी उडी मारली. तिथे काहीही नव्हतं. शेजारच्या मुलीनेही मारली, बहुधा तसंच असतं समजून. चार बाकं खाली डेलमार उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

मी लव्हॉनला दाखवायला वळलो. ती समोर बघतच नव्हती. मान खाली, डोळे मिटलेले, ऐकत होती. आणि घोंगडीखाली तिचा हात माझ्या गुडघ्यावर होता, आणि बोटं चालली होती. पोरीच्या प्रत्येक सुराला वरची साथ माझ्या गुडघ्यावर वाजत होती. करंगळी दूर पोचायची तेव्हा चिमटा बसायचा. तिला त्याचा पत्ता नव्हता.

बँड गेला तरी तिचा हात तिथेच होता. सामन्याचं काय झालं मला ठाऊक नाही. माझा पाय मुंग्या येऊन पार बधिर झाला होता, पण मी तो हलवला नाही. लोक उठायला लागले.

"मायलो, चल ना, पोरगी वाट बघत असेल."

"जरा थांब, पायाला मुंग्या आल्यात."

"कशाने?"

"थंडीने," मी म्हटलं. त्यानंतरच्या प्रत्येक सामन्याला मला थंडीच वाजली. खरं सांगितलं असतं, तर तिने हात आवरला असता.